ढगांचे अरण्य आणि आपले पाणी

(वनमहोत्सव सप्ताहानिमित्त निपाणी येथे शिक्षक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वनमहोत्सवाच्या निमित्ताने आपल्यासमोर चार शब्द बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. वास्तविक अशा प्रसंगी वनखात्यातील एखाद्या जाणकार अधिकाऱ्याने बोलावे, हे अधिक उचित. मी कला शाखेचा पदवीधर, आणि माझे काम प्रसिद्धीचे. झाडांची शास्त्रीय नावे मला मुखोद्गत नाहीत. तरीही मी हे निमंत्रण स्वीकारले, याचे कारण माझ्या बोलण्याच्या ओघात आपल्या ध्यानात येईल.

१९५० साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. तेव्हापासून दर जुलै महिन्यात आपण खड्डे खणतो, रोपे लावतो, आणि ती जगावीत अशी प्रार्थना करतो. हे कार्य स्तुत्यच आहे. परंतु आज मी आपल्यापुढे जे अरण्य कोणीही लावलेले नाही, आणि एकदा गेल्यावर कोणालाही पुन्हा लावता येणार नाही, अशा अरण्याविषयी बोलणार आहे. ते आपल्यापासून फार दूर नाही. आपल्या वेदगंगेचे आणि हिरण्यकेशीचे पाणी ज्या सह्याद्रीच्या कण्यावरून उतरते, त्याच कण्यावर ते उभे आहे. पावसाळ्याचे चार महिने ते ढगांच्या आत असते.

एका प्रसिद्धिपत्रकाची कबुली

आरंभी एक कबुली द्यावयास हवी. काही वर्षांपूर्वी आंबोलीविषयी एक प्रसिद्धिपत्रक मी लिहिले होते. धुके, थंड हवा, रस्त्यालगत कोसळणारा धबधबा, अशी सर्व वर्णने त्यात होती. मोटार थेट धबधब्याच्या पायथ्याशी उभी करता येते, ही सोय मी त्यात आवर्जून नमूद केली होती. पत्रक लोकांना आवडले, त्याच्या प्रती संपल्या आणि ते पुन्हा छापण्यात आले. हे पत्रक लिहिणारा मनुष्य तोवर आंबोलीस एकदाच, आणि तोही जीपमधून, गेला होता. पाऊस लागला म्हणून त्याने जीपच्या काचा वर केल्या होत्या, ही गोष्ट मात्र पत्रकात आली नव्हती.

गेल्या जून महिन्यात, मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर, मी आंबोलीस पुन्हा गेलो. या वेळी पाठीवर पिशवी बांधून, पायी हिंडण्यासाठी गेलो. सोबत बेळगावचे माझे एक शिक्षक स्नेही आणि महाविद्यालयात शिकणारी त्यांची पुतणी, अशी दोघे होती. आम्ही दोन दिवस हिंडलो आणि एक रात्र एका घरी मुक्काम केला. त्या दोन दिवसांत मी जे पाहिले, तेच आज आपणास सांगावयाचे आहे.

पाठीवरचा संसार

आपल्यापैकी अनेक तरुण सुट्टीत असे हिंडत असतील. नसल्यास एकदा अवश्य हिंडावे. पाठपिशवी, जिला आपण सॅक म्हणता, ती भरताना माणसाला आपल्या गरजा किती थोड्या आहेत, याचा बोध होतो. एक जोडी कोरडे कपडे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, एक घोंगडी, एक विजेरी, पाण्याची बाटली, भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा, एवढ्यावर दोन दिवस सहज निघाले. छत्री मात्र घेऊ नये. तेथील वारा ती एका तासाच्या आत उलटी करून हाती देतो.

आणखी एक वस्तू आम्ही घेतली होती, ती निपाणीकरांना सांगणे म्हणजे गंगेकाठी पाण्याचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. ती म्हणजे तंबाखू. या जंगलात पावसाळ्यात जळवा फार. पायमोज्यांवर तंबाखूची भुकटी किंवा मीठ चोळल्यास जळू चढत नाही, हा जुना अनुभव आहे. परंतु आमच्या वाटाड्याने आम्हास ताकीद दिली, ती आपणही ध्यानात ठेवावी. ते मोजे ओढ्यात धुवावयाचे नाहीत. तंबाखूचा अर्क आणि मीठ या दोन्ही गोष्टी बेडकांच्या पिलांना घातक असतात. एवढ्या लहान बाबीतही, आपण ज्याच्या घरी जातो त्याचा विचार करावा लागतो, हा पहिला धडा मला तेथे मिळाला.

निपाणीहून उत्तूर, आजरा मार्गे आंबोलीस जाताना वाटेतील बदल डोळे उघडे ठेवून पाहण्यासारखा आहे. प्रथम आपला परिचित माळ आणि उसाचे मळे लागतात. आजऱ्याच्या पुढे शेते लहान होत जातात आणि झाडी दाट होते. पुढे एका वळणावर समोरचा डोंगर दिसेनासा होतो, कारण आपण ढगात शिरलेलो असतो. बेळगावहून येणारा रस्ताही असाच ढगात शिरतो. हा मार्ग ऐतिहासिक आहे. वेंगुर्ले बंदरात उतरलेली रसद बेळगावच्या लष्करी छावणीस याच वाटेने जात असे, आणि त्या वाटेवरील मुक्काम म्हणूनच आंबोली इंग्रजांच्या काळात नावारूपास आली.

अरण्य पाणी कसे धरते

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. तेथील वार्षिक पर्जन्यमान सरासरी ७,००० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईच्या जवळजवळ तिप्पट आहे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात. ते वर चढतात, वर चढताना निवतात, आणि त्यांतील बाष्पाचे ढग होतात. डोंगरमाथ्यावर उभ्या असलेल्या माणसाला हेच ढग धुके म्हणून भेटतात.

शास्त्रज्ञ ज्यांना काटेकोर अर्थाने मेघवने म्हणतात, ती आपल्या देशात निलगिरीसारख्या अधिक उंच पर्वतांवर आहेत. आंबोलीच्या रानाची गणना निमसदाहरित वनांत होते. परंतु पावसाळ्यात त्या रानात उभे राहिल्यावर हा वर्गीकरणाचा भेद विसरावयास होतो. अंजनी, जांभूळ, हिरडा यांच्या खोडांवर हाताच्या जाडीचे शेवाळ चढलेले असते. फांद्यांवर नेचे आणि आमरी वाढतात. त्यांना जमिनीची गरज नाही, त्यांची शेती हवेत चालते. पाऊस थांबलेला असतानाही झाडांखाली टपटप चालूच असते. पाने, शेवाळ आणि दगडफूल धुक्यातील बारीक तुषार पकडतात, त्यांचे थेंब होतात, आणि ते खाली गळतात. शेवाळाचा एक झुबका मी हातात धरून हलकेच दाबला. त्यातून ओंजळभर पाणी निघाले. वाटाड्याने तो माझ्या हातून घेतला आणि पुन्हा खोडावर होता तेथे ठेवला. तो काही बोलला नाही, पण मला जे समजावयाचे ते समजले.

या रानाची घडण अशी तीन थरांची आहे. वरच्या थरात पाने आणि शेवाळ मुसळधार पावसाचा मार झेलतात, म्हणून तो मातीवर थेट बसत नाही. खाली कुजलेल्या पाचोळ्याची गादी असते, ती पाणी शोषून घेते. त्याखाली जांभा दगड असतो, आणि त्याच्या असंख्य छिद्रांतून ते पाणी सावकाश आत मुरते. जुलै महिन्यात पडलेले हे पाणी पुढे हिवाळ्यात कोठे तरी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. वरील दोन थर काढून घेतले, तर तोच पाऊस उघड्या उतारावरून माती घेऊन एका दिवसात खाली येईल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी राष्ट्रीय महामार्गावर आले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तसेच घडले. पुराला अनेक कारणे असतात आणि असामान्य पाऊस हे त्यांतील मोठे कारण होय. कोणतेही अरण्य सर्व पूर अडवू शकत नाही. परंतु पाणी थोपवून धरणारे जे एक नैसर्गिक कोठार आपल्या नद्यांच्या शिरोभागी आहे, ते रिते करणे आपल्या हिताचे नाही, एवढे समजण्यास शास्त्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही.

हिरण्यकेशीच्या मुखाशी

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही हिरण्यकेशीच्या उगमाशी गेलो. गर्द झाडीत महादेवाचे लहानसे देऊळ आहे. त्याच्या मागे डोंगराच्या पोटातील गुहेतून पाणी बाहेर येते आणि देवळापुढील कुंडात साठते. पाणी इतके निर्मळ की तळाचा खडा मोजून घ्यावा. येथून निघालेली ही नदी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर अशी येत पुढे घटप्रभेस मिळते. उगमाशी सात हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिकडे गोकाकच्या बाजूला त्याचा दहावा हिस्साही नाही. पूर्वेकडील त्या कोरड्या प्रदेशातील शेतकरी ज्या पाण्यावर पीक काढतो, ते पाणी अशा डोंगरमाथ्यांवर जमा झालेले असते.

या कुंडाची एक विशेष हकीकत आहे. २०२० साली येथे एका लहानशा माशाची नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदविली आणि नदीच्याच नावावरून तिला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नाव दिले. पुढे २०२१ साली महाराष्ट्र शासनाने हा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. या कुंडावर शतकानुशतके भाविक येत आहेत, हात जोडून जात आहेत. त्यांच्या पायाशी असलेला मासा जगाला अनोळखी होता. पण देवाचे पाणी म्हणून कोणी ते गढूळ केले नाही, म्हणून तो जगला. देवाच्या नावाने झाड आणि पाणी राखण्याची ही रीत आपल्याकडे देवराई या नावाने परिचित आहे. ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे शास्त्रीय मोल जगापुढे मांडले. आपल्या आज्या-पणज्यांना ते न शिकता ठाऊक होते.

सड्यावरील पिवळे पट्टे

सायंकाळी आम्ही सड्यावर गेलो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरील जांभ्याचे उघडे पठार. उन्हाळ्यात ते करपलेले आणि ओसाड दिसते. माझ्या पत्रकात अशा पठारांचे वर्णन ‘वाहने उभी करण्यास सोयीचे विस्तीर्ण मैदान’ असे मी केले होते.

वाटाड्या पुढे चालत होता. एकाएकी तो थांबला आणि हात आडवा करून म्हणाला, “साहेब, इथं पाय टाकू नका. खाली बघा.”

खाली दगडाच्या खोलगट भागात तळहातभर पाणी साचले होते. त्याच्या काठावर बोटाच्या दोन पेरांएवढा एक भेक बसला होता. तपकिरी अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे. हाच तो आंबोली टोड. शास्त्रीय परिभाषेत त्याच्या नावातच वाघ आहे. २००९ साली त्याचे स्वतंत्र जात म्हणून वर्णन करण्यात आले. आंबोली आणि तिच्या लगतचा मर्यादित टापू, एवढेच त्याचे जग. पहिल्या पावसात सड्यावरील अशाच उथळ पाण्यात त्याची मादी अंडी घालते. पाणी खोल नसते, टिकाऊ नसते. पाऊस ओढ देईल तर डबके आटते आणि आतील पिले मरतात. त्या डबक्यावरून मोटारीचे चाक गेले, तर पावसाची वाट पाहण्याचेही कारण उरत नाही.

आम्ही विजेरीच्या मंद उजेडात बराच वेळ पाहत राहिलो. मग माझ्या स्नेह्यांच्या पुतणीने विचारले, “काका, तुमच्या पत्रकात याचं नाव होतं का?”

मी नाही म्हणालो. तिने तो प्रश्न टोचून विचारला नव्हता, सहज विचारला होता. म्हणूनच तो अधिक लागला.

परतताना डांबरी रस्ता लागला. पावसाच्या रात्री बेडूक रस्त्यावर येतात, आणि त्या दिवशी शनिवार असल्याने घाटात वाहनांची रीघ लागली होती. रस्त्यावर चिरडलेले बेडूक दिसू लागले. पुतणीने ते मोजण्यास सुरुवात केली. थोड्या वेळाने तिने मोजणे थांबविले. त्या मोटारी कोणत्या वाईट माणसांच्या नव्हत्या. धबधबा पाहण्यास आलेली ती आपल्यासारखीच माणसे होती. त्यांतील एखाद्याने माझे पत्रक वाचलेले असणे अशक्य नाही.

रात्रीचा मुक्काम आणि दुसरा दिवस

त्या रात्री आम्ही गावातील एका घरी उतरलो. घरच्या काकूंनी चुलीजवळ आमचे कपडे वाळत घातले आणि गरम भात, कुळथाची पिठी वाढली. जेवताना त्या म्हणाल्या, “पाऊस एवढा पडतो, पण चैत्र-वैशाखात आम्हालाही पाणी जपूनच वापरावं लागतं. माणसं येतात, मजा करून जातात. बाटल्या तेवढ्या आमच्याकडे राहतात.” त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पाहुण्यांमुळे घरात चार पैसे येतात, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले. पाहुणा येऊच नये असे डोंगरावरील माणसाचे म्हणणे नाही. त्याने पाहुण्यासारखे यावे, एवढीच त्याची अपेक्षा आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे शीळकरी कस्तुराच्या आवाजाने आम्ही जागे झालो. हा पक्षी माणसाने सहज शीळ घालावी तसा गातो. मग चौकुळच्या बाजूने रानात चालत गेलो. एका पाणथळीवर झुकलेल्या फांदीला साबणाच्या फेसासारखा गोळा लटकलेला दिसला. ते मलबारी उडत्या बेडकाचे घरटे होते. मादी अंडी फेसात घालते आणि पिले मोठी झाली की खालच्या पाण्यात पडतात. फांदी पाण्यावरच हवी आणि पाणी तेव्हाच हवे, असा हा हिशेब आहे. कोणी फोटोसाठी ती फांदी वाकविली किंवा तोडली, की तो संपूर्ण हिशेब चुकतो.

पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूची एक हकीकत

येथे मी आपणास मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या छोट्या देशात घेऊन जाऊ इच्छितो, कारण आंबोलीची पुढील गोष्ट कदाचित तेथे आधीच लिहिली गेली आहे.

१९५१ साली युद्धाला विरोध असलेली, क्वेकर पंथाची काही कुटुंबे अमेरिका सोडून कोस्टा रिकातील मॉन्तेव्हेर्दे येथे स्थायिक झाली. ते शेतकरी होते, त्यांनी गाई पाळल्या आणि चीज बनविण्यास सुरुवात केली. जमीन वाटून घेताना त्यांनी डोंगरमाथ्यावरील ढगांचे जंगल मात्र न तोडता तसेच राखले, कारण गावाचे पाणी तेथून येत होते. आपल्या देवराईचीच ही निराळी आवृत्ती नव्हे काय? १९७२ साली तेथे संरक्षित वन स्थापन झाले आणि पुढे ते जगप्रसिद्ध झाले.

त्याच डोंगरावर नारिंगी सोन्यासारख्या रंगाचा एक भेक राहत असे. काही चौरस किलोमीटर हेच त्याचेही जग होते. पहिल्या पावसात तोही उथळ डबक्यांत अंडी घालत असे. १९८७ साली शास्त्रज्ञांनी असे दीड हजारांहून अधिक भेक पाहिले. १९८९ साली फक्त एक नर दिसला. त्यानंतर तो कधीच दिसला नाही, आणि २००४ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर करण्यात आले. कोरडे पडलेले हवामान आणि बेडकांच्या कातडीला जडणारा बुरशीचा रोग, यांचा त्यात हात असावा असे शास्त्रज्ञ मानतात. जंगल तोडले गेले नव्हते, तरी ही गोष्ट घडली. मग ज्या सड्यावर आपण मोटारी चढवितो, जेथील जांभ्याखालील बॉक्साइटवर खाणवाल्यांची नजर असते, तेथील पिवळ्या पट्ट्यांच्या भेकाची परिस्थिती किती नाजूक असेल, याचा आपणच विचार करावा.

मॉन्तेव्हेर्देकडून दुसरी गोष्ट शिकण्यासारखी आहे. तेथील राखीव जंगलात एका वेळी किती जणांनी प्रवेश करावा, यास मर्यादा आहे. आपल्याकडेही साताऱ्याजवळील कास पठारावर फुलांच्या हंगामात अशी मर्यादा घालण्यात आली. त्यामुळे तेथील लोकांचा रोजगार बुडाला नाही. उलट फुले पायदळी जाण्याचे थांबले, म्हणून तो टिकला.

आपल्या दाराशी

बेळगाव-निपाणीच्या रहिवाशांनी हे अरण्य परक्याचे समजू नये. सीमा माणसांनी आखलेल्या असतात. धुके त्या ओलांडून इकडून तिकडे जाते, आणि नद्याही तसेच करतात. निपाणीस परिचित असलेली वेदगंगा भुदरगड तालुक्यात पाटगावच्या डोंगरांत उगम पावते. तेथे मौनी सागर जलाशयात तिचे पाणी अडविलेले आहे. दूधगंगा राधानगरीच्या डोंगरांतून येते, जेथे दाजीपूरच्या गव्यांसाठी महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य १९५८ साली घोषित झाले. बेळगावकरांच्या खानापूर तालुक्यात कणकुंबी येथे मलप्रभा उगम पावून पूर्वेस वाहते. त्याच तालुक्यातून म्हादई पश्चिमेकडे गोव्यास जाते. ही सर्व एकाच पर्वताची लेकरे होत.

खानापूर तालुक्यातील भीमगडचे रान २०११ साली अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. तेथील बारापेडे गुहांमध्ये रॉटन यांच्या नावाने ओळखले जाणारे एक दुर्मिळ वटवाघूळ राहते. १९१३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यानंतर कित्येक दशके, संपूर्ण जगात ते फक्त या गुहांतच आढळते अशी समजूत होती. पुढे मेघालय आणि कंबोडिया येथेही त्याचा शोध लागला. बेळगावच्या घराशेजारी असलेल्या एका गुहेने जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांना इतकी वर्षे आकर्षित केले, हे आपल्या शाळांतील किती मुलांना ठाऊक आहे?

प्रवाशाचा धर्म

मित्रहो, मी येथे आपणास जंगलात जाऊ नका असे सांगण्यास आलेलो नाही. जे आपण पाहिले नाही, त्याविषयी आपणास ममता वाटत नाही. म्हणून जरूर जा. पण कसे जावे, याविषयी काही सूचना मी नम्रपणे करतो.

पहिली गोष्ट, शक्य तेथे एस. टी.ने जावे आणि गावापासून पुढे पायी हिंडावे. पावसाळ्यात रात्री घाटातून वाहन चालविणे टाळावे. ते शक्य नसल्यास वेग कमी ठेवावा आणि रस्त्यावर नजर ठेवावी. दुसरी, शनिवार-रविवारची गर्दी सोडून मधल्या दिवशी, चार-पाच जणांच्या लहान गटाने जावे. तिसरी, स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि गावातील घरीच उतरावे. आपला पैसा त्या गावात राहिला, तर ते रान राखण्यात त्या गावाचेही हित राहील. चौथी, अभयारण्यात जावयाचे असल्यास वनखात्याची परवानगी घ्यावी, गुहांमध्ये शिरू नये, आणि वटवाघळे, बेडूक वा साप यांना फोटोसाठी हाताळू नये. पाचवी, सड्यावर वाहन चढवू नये आणि तेथे साचलेल्या पाण्यात पाय घालू नये. सहावी, पाठपिशवीत जे भरून नेले ते सर्व पिशवीतूनच परत आणावे, आणि जंगलातील आमरीचे रोप, शेवाळ वा दगडफूल मात्र तिच्यात भरू नये.

शिक्षकांना माझी एक वेगळी विनंती आहे. या वर्षी रोपे लावून झाल्यावर, मुलांना आपल्या नदीचा नकाशा काढावयास सांगावे. आपल्या नळाला वा विहिरीला येणारे पाणी कोणत्या नदीचे, ती नदी कोठून आली, आणि तिच्या उगमाशी कोणते रान आहे, हे त्यांनी शोधावे. माझ्या मते हा धडा एका रोपाइतकाच मोलाचा ठरेल.

आता त्या पत्रकाविषयी सांगतो. आंबोलीहून परतल्यावर मी ते पुन्हा लिहावयास घेतले. वाहने उभी करण्याच्या मैदानाचे वाक्य मी प्रथम खोडले. धबधब्याचे वर्णन चार ओळींवरून एका ओळीवर आणले. त्या जागी हिरण्यकेशी कोठवर जाते, ते लिहिले, आणि पिवळ्या पट्ट्यांच्या भेकाचे नाव लिहिले. नवे पत्रक पहिल्याइतके खपणार नाही, असे माझ्या एका सहकाऱ्याने मला सांगितले, आणि ते बहुधा खरे ठरेल. मात्र पुढील मृगात त्या पुतणीने मला पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर माझ्याजवळ निराळे उत्तर असेल.